सिस्टर बर्नाडेट आणि कबुतरं

६ ऑक्टोबर, सोमवार

आज डॉक्टरांनी दोन सल्ले दिले. ह्यांना सांगितलं, कबुतरांपासून लांब राहा. मला सांगितलं, बोलणं कमी करा, रक्तदाब वाढतो. मनात येईल ते वहीत लिहून टाकत जा. दुसऱ्या सल्ल्याला ह्यांनी माझ्याआधी मान डोलावली.

म्हणून ही डायरी. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर बर्नाडेट आमच्याकडून रोज डायरी लिहून घेत आणि रोज वाचत. त्यामुळे डायरीत खरं लिहायची ही माझी पहिलीच वेळ.

तर खरं असं आहे. ह्यांना उन्हाळ्यापासून खोकला आहे. हसले तरी खोकतात, म्हणून हसणंच सोडलंय. छातीच्या फोटोत धूसर काहीतरी दिसतं. डॉक्टर म्हणतात, कबुतरांच्या विष्ठेची धूळ. आमच्या सुजाता सोसायटीत माणसं भाड्याने राहत असावीत आणि मूळ मालक कबुतरं असावीत, अशी परिस्थिती आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "एक तर कबुतरं जातील, नाही तर तुम्ही जा. डिसेंबरअखेर पुन्हा फोटो काढू."

प्रज्ञेशने, म्हणजे आमच्या चिरंजीवांनी, फोनवर लगेच निकाल दिला. "आई, सिंपल आहे. नव्या वर्षात तुम्ही दोघं खराडीला शिफ्ट व्हा. चौदावा मजला आहे. इथे कबुतरं येतच नाहीत."

चौदाव्या मजल्यावर कबुतरं येत नाहीत हे खरं. माणसंही येत नाहीत. मागे आठवडाभर राहिले तेव्हा माझ्याशी फक्त लिफ्ट बोलत होती. तीही चुकीच्या उच्चारात.

मी खडकी सोडणार नाही. सगळी नोकरी मी कारखान्याच्या तपासणी विभागात केली. माल यायचा, मी खोट शोधायची आणि परत पाठवायची. कबुतरंही परत जातील.

९ ऑक्टोबर, गुरुवार

आजवर झालेले उपाय नोंदवते. जाळी लावली होती. जाळीवाल्याने कोपऱ्यात फट ठेवली, तिथून एक जोडपं आत आलं, बाहेर पडता येईना म्हणून त्यांनी आतच संसार मांडला. जाळी काढली. मग प्लॅस्टिकचं घुबड आणलं. कबुतरं त्याच्या डोक्यावर बसून मान मुरडून माझ्याकडे बघायची. घुबड काढलं.

दुपारी समोरच्या दारची जरीना आली. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ती रोज येते. पूर्वी पत्रं उशिरा पोहोचायची, आता ती स्वतः वेळेवर पोहोचते. मी कबुतरांचं सांगत होते. ती म्हणाली, "हिराताई, आमच्या माहेरी उरुळीला ज्वारी भरात आली की भाऊ शेतावर कॅसेटची फीत ताणून बांधतो. वाऱ्यावर गुणगुणते, उन्हात चमकते. पाखरू फिरकत नाही."

जरीनाचं हे असंच. विषय चाललाय कबुतरांचा आणि ही जाते माहेरच्या ज्वारीवर. मी तिला चहा दिला आणि विषयावर आणलं.

११ ऑक्टोबर, शनिवार

सुचलं! अंघोळ करताना अचानक सुचलं. कॅसेटची फीत! गॅलरीच्या कठड्याला आडवी ताणून बांधायची. वाऱ्यावर ती गुणगुणेल, उन्हात चमकेल. कबुतर येणार नाही. कुठून सुचलं हे सांगता येत नाही. अशा कल्पना आतूनच येतात.

माळ्यावरून ह्यांच्या भीमगीतांचं खोकं काढायला गेले. हे खोकत खोकत स्टुलाजवळ आले. म्हणाले, "त्या खोक्याला हात लावलास तर मी आजच खराडीला जातो."

मग माझ्याच खोक्यातल्या इंग्रजी उच्चारांच्या कॅसेटी काढल्या. शाळेच्या मेळाव्यात सिस्टर बर्नाडेट यांनी स्वतःच्या आवाजात भरून आम्हा माजी विद्यार्थिनींना वाटल्या होत्या. फीत बाहेर ओढताना हात जड झाला. पण सिस्टर नेहमी म्हणत, विद्या लोकांच्या उपयोगी पडली पाहिजे.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

गेली! सगळी! सकाळी गॅलरीत उभी राहून मी नुसता वारा ऐकला. फीत गुणगुणत होती. कबुतरं लांबून वळून जात होती. आम्हीही शाळेच्या व्हरांड्यात सिस्टरांचा आवाज आला की अशाच पांगत असू.

जरीनाने येऊन फीत पाहिली. बराच वेळ पाहिली. म्हणाली, "छान केलंत, हिराताई. ओळखीचं वाटतंय."

मी सांगितलं, चांगली कल्पना नेहमी ओळखीचीच वाटते.

सुजातातल्या सगळ्या गॅलऱ्यांना मी फीत दिली, पण बाहेर कुणाला सांगायचं नाही या अटीवर. ह्यांनाही बजावलं. हे म्हणाले, "मी कुणाला सांगणार?" आणि नेहमीप्रमाणे शेजारच्या शौर्य सोसायटीत सुभेदारांकडे कॅरम खेळायला गेले.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

शौर्य सोसायटी आणि आमच्यात एक भिंत आहे. आमची कबुतरं त्या भिंतीपलीकडे गेली. माझ्या मते हा नैसर्गिक न्याय आहे.

शौर्यच्या अध्यक्षांचं म्हणणं वेगळं पडलं. सुभेदार हिंमतराव काळभोर, निवृत्त. मिशा अजून नोकरीत. संध्याकाळी भिंतीपाशी आले.

"वहिनी, तुमची कबुतरं आमच्याकडं आलीत."

हा माणूस मला वहिनी का म्हणतो, कोण जाणे. मी म्हटलं, "माझं नाव लिहिलंय का त्यांच्यावर?"

"काय केलंत तेवढं सांगा की. आम्हीबी करतो."

"शोध लावावा लागतो, काळभोर. असा भिंतीवरून मागून मिळत नाही."

"एवढ्या जवळ ऱ्हाऊन सांगंना झालात! आमच्या गावाकडं वैरीसुद्धा विहिरीचं पाणी देतो."

"मग त्या वैऱ्याकडे जा," मी म्हटलं आणि खिडकी लावली. रक्तदाब वाढला. पण वाया गेला नाही.

२५ ऑक्टोबर, शनिवार

दिवाळीत फटाक्यांनी सगळीकडचीच कबुतरं गेली होती, त्यामुळे लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होते तर डोळ्यांवर झगझगीत उजेड आला. पाहते तर शौर्यच्या प्रत्येक गॅलरीत दोऱ्यांना स्टीलच्या ताटल्या टांगलेल्या! वाऱ्यावर हलतात, एकमेकींवर आपटतात, चमकतात. कबुतर एक नाही.

तत्त्व माझंच. चमकायचं आणि वाजायचं. त्यांच्याकडे कॅसेटी नव्हत्या, ताटल्या होत्या, एवढाच फरक. सुभेदारांच्या मुलाच्या लग्नात आहेरात आलेल्या, सगळ्या नाव घातलेल्या ताटल्या. आता उघड्यावर टांगल्यात. देणाऱ्यांना काय वाटेल?

पण प्रश्न हा की फोडलं कुणी? सुजातातल्या सगळ्यांना विचारलं. जरीनाला विचारलं. ती म्हणाली, "ताई, मी कशाला सांगू? मला तर कुणी विचारतच नाही." ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "सुभेदार हुशार आहेत." मग खोकले. आजारी माणसाला जास्त विचारणं बरं दिसेना.

५ नोव्हेंबर, बुधवार

शनिवार पेठेत भाचीकडे गेले होते. परत येताना एका दुकानाबाहेर पाटी वाचली:

"कबुतरपट्टी मिळेल. कॅसेटची. उपयोग न झाल्यास कबुतरांशी बोला, आमच्याशी नको."

आत गेले. काउंटरमागचे गृहस्थ पेपर वाचत होते. मी विचारलं, "ही कल्पना तुम्हाला कुठून मिळाली?"

"का? परत करायची आहे?"

"ही कल्पना माझी आहे."

त्यांनी पेपर खाली केला, मला नखशिखांत पाहिलं आणि पेपर पुन्हा वर केला. "आपल्याआधी आज दोघं येऊन गेले. एक कोथरूडचे, एक धायरीचे. त्यांचीही होती."

मी दुकानातून उत्तर न देता बाहेर पडले. हे माझ्या आयुष्यात दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा घसा बसला होता.

महिन्याभरात खडकीहून कोथरूड, धायरी! चोरी एवढ्या वेगाने जाते, मग आमच्या सोसायटीत दुरुस्तीवाला का येत नाही?

१६ नोव्हेंबर, रविवार

लिहायला हात होत नाही. सकाळी गॅलरीचं दार उघडलं. फितीवर कबुतर बसलं होतं. फीत गुणगुणत होती, कबुतर गुटरगुं करत होतं. दोघांचा सूर लागला होता.

दुपारपर्यंत सगळी परतली. हे रात्रभर खोकत होते.

आणि नेमका आजच प्रज्ञेश आला, सूनबाई आम्रपालीसह, बांधाबांधीची खोकी घेऊन. "आई, लॉजिकली विचार कर. तू ट्राय केलंस. ग्रेट. पण आता बाबांच्या लंग्जचा प्रश्न आहे."

आम्रपाली चांगली मुलगी आहे. हळूच म्हणाली, "आई, तुमच्यासाठी पूर्वेकडची खोली ठेवलीय. खिडकीतून नदी दिसते."

दिसते. कापसाच्या वातीएवढी. इथल्या खिडकीतून मला जरीनाचं दार दिसतं, गल्लीत कोण कुणाशी बोलत नाही ते दिसतं, आणि कारखान्याचा भोंगा ऐकून हे अजून घड्याळ लावतात. ह्यांना विचारलं, तुम्हाला जायचंय का? म्हणाले, "तुला करमणार नाही." आपल्याबद्दल काही बोलले नाहीत. मी खोकी पलंगाखाली ढकलली. मावली नाहीत.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शौर्यमध्येही परतली. सुभेदारांच्या ताटलीत एक कबुतर झोका घेताना पाहिलं. दोन मिनिटं बरं वाटलं. मग ह्यांचा खोकला ऐकू आला.

सिस्टर स्वतः असत्या तर त्यांनी निदान वर्षभर तरी धाक ठेवला असता. आवाज तोच, पण समोरच्याला सवय झाली. संसारातही हेच होतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज भिंतीपाशी कडाक्याचं झालं. सुरुवात त्यांनी केली. मी फक्त आधी बोलले.

"काळभोर, तुमच्या ताटल्या माझ्या स्वयंपाकघरात चमकतात. आज भाजीत दोनदा मीठ पडलं माझ्याकडून."

"आन् तुमची ती फीत? रातभर भुंग्यावानी घुमती. सीमेवर झोप लागायची मला, हितं लागंना!"

"भुंगा? तो सिस्टर बर्नाडेट यांचा आवाज आहे!"

"कुणाचाबी असू द्या. काढा."

"आधी ताटल्या काढा."

"ताटल्या डोळ्यात जात्यात म्हणं! मग एक आठवडा तुमच्याच गॅलरीत लावून बघा. कुठं काय चमकतंय कळंल."

"लावते! आणि तुम्ही ही फीत लावा. मग ऐका भुंगा का कोण ते!"

दोन्ही सोसायट्यांची माणसं गॅलऱ्यांत जमली होती. आता मागे हटणं शक्य नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे ताटल्या उतरवून भिंतीवरून दिल्या. मी फितीची सगळी भेंडोळी त्यांच्या हातात कोंबली. हे आणि जरीना कठड्याशी उभे होते. हे म्हणाले, "चांगली शिक्षा दिलीस." जरीना पदराने तोंड पुसत होती. तिला भांडण सहन होत नाही.

ताटल्या टांगल्या. आठवडाभर हा माणूस झोपणार नाही, या समाधानात झोपते.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कबुतरं नाहीत.

आमच्याकडे नाहीत आणि शौर्यमध्येही नाहीत. मी सकाळी चष्मा पुसून दोनदा पाहिलं. आमच्या कबुतरांना फीत पाठ झाली होती, ताटल्या नव्या. तिकडच्यांना ताटल्या पाठ, फीत नवी. तपासणी विभागात असताना साहेब पाहणीला आले की आम्ही टेबलं बदलून बसत असू. त्यांना दर वेळी वाटायचं, माणसं नवी आहेत. तोच प्रकार.

दुपारी ताटल्या पुसायला घेतल्या. बाहेर टांगल्या म्हणून काय झालं, माझ्या गॅलरीत मळकी वस्तू राहणार नाही. तिसऱ्या ताटलीवर नाव वाचलं: "सौ. हिरा व श्री. सीताराम ओव्हाळ यांजकडून सप्रेम भेट." आमचीच! सुभेदारांच्या मुलाच्या लग्नात दिलेली. एक ओरखडा नाही तिच्यावर. म्हणजे इतक्या वर्षांत या माणसाने तिच्यात एकदाही जेवण वाढलं नाही.

८ डिसेंबर, सोमवार

परवा सहा तारखेला पहाटे आम्ही दोघं अभिवादनाला गेलो. रांगेत उभं राहूनही हे खोकले नाहीत. मी काही बोलले नाही. बोललं की बिघडतं.

आज एक कबुतर ताटलीकडे फार जवळून, अभ्यासू नजरेने पाहताना दिसलं. मी ताबडतोब भिंतीपाशी गेले. पण सरळ "अदलाबदल करू" कसं म्हणायचं? आमचं बोलणं नाही.

"काळभोर, तुमच्या ताटल्यांना गंज चढतोय!"

ते जणू वाटच पाहत होते. "स्टीलला गंज? तुमची फीतच इटलीया! घेऊन जावा ती!"

"द्याच!"

झाली अदलाबदल. आता दर पंधरवड्याला सोमवारी भांडायचं, असं न ठरवता ठरलंय. पुढच्या वेळेसाठी मी दोन वाक्यं आत्ताच काढून ठेवली आहेत.

१४ डिसेंबर, रविवार

प्रज्ञेशचा फोन. आवाज पडलेला. "आई... इथे कबुतरं आलीयेत."

"चौदाव्या मजल्यावर?"

"एसीच्या मागे अंडी आहेत. मी एक ॲप घेतलं, ससाण्याचा आवाज काढणारं. स्पीकर लावला."

"मग?"

"स्पीकरवर बसतात. तो गरम असतो ना."

मागून आम्रपाली म्हणाली, "आई, त्यांना सांगा, मी म्हणत होते आईंना विचारू या."

मी शांतपणे म्हटलं, "लॉजिकली विचार कर, प्रज्ञेश." आणि फोन ह्यांच्याकडे दिला. प्रत्येक सुख एकटीने उपभोगू नये.

आता गंमत अशी की फीत खडकीत, ताटल्या खडकीत. खराडीला द्यायचं काय? मी निरोप दिला, तुमच्याकडचं काहीतरी वेगळं काढा आणि घेऊन या. रिकाम्या हाताने येणाऱ्याला इथे काही मिळणार नाही. संध्याकाळी दोघं ऑफिसातली जुनी ओळखपत्रं आणि ती गळ्यात अडकवायच्या चकचकीत रंगीत पट्ट्यांची पिशवी घेऊन आले. नोकऱ्या बदलताना जमलेली. आता हाच त्यांचा आहेर. कबुतरांना आता तीन गोष्टी पाठ कराव्या लागतील.

पलंगाखालची खोकी त्यांच्याबरोबर परत पाठवली. एकात आमची कॅसेटची फीत भरून.

३० डिसेंबर, मंगळवार

फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडासमोर धरला, मग मागचा धरला, मग पुन्हा हा. "बराच निवळलाय. जिथे आहात तिथेच राहा." मग मला विचारलं, "आणि तुम्ही? बोलणं कमी केलंत का?"

"पंधरा दिवसांतून एकदाच भांडते," मी म्हटलं. रक्तदाब नॉर्मल निघाला. डॉक्टरांनी यंत्र बदलून पाहिलं. तरी नॉर्मल.

घरी आल्यावर सुभेदारांकडून डबा आला, गुळाच्या पोळ्या. संक्रांतीला अजून अवकाश आहे, पण सैनिकाला धीर कुठे? डब्यावर झाकण म्हणून ताटली होती. आमच्याच नावाची. म्हणजे वापरली शेवटी.

११ जानेवारी, रविवार

दुपारी जरीना आली. चहा झाल्यावर म्हणाली, "हिराताई, भावाचा फोन होता उरुळीहून. ज्वारी भरात आलीय आणि पाखरं फितीवर बसायला लागलीत. सुभेदारांच्या ताटल्या महिनाभर मिळतील का?"

मी थक्क झाले. "म्हणजे आपली फीत थेट उरुळीपर्यंत पोहोचली? शेतात?"

जरीनाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "पोहोचली, ताई. वारं आहे ना तिकडे."

पूर्वी मला राग आला असता. आता नाही. मी म्हटलं, "ताटल्या मी भांडून मिळवते. तुझ्या भावाकडून मला काही नको. पद्धत मूळची कुणाची, एवढं मात्र त्याला सांग."

"सांगते ना. त्याला ऐकून फार बरं वाटेल."

तेवढ्यात आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, धापा टाकल्यासारखा. मी हातातलं टाकून धावले. हे पलंगावर उशी तोंडाशी धरून गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं. उशी ओढून काढली.

हसत होते.

कशाला हसता म्हणून विचारलं, तर सांगेनात. नुसते हसत राहिले. जरीना दारात उभी होती, तीही.

या दोघांना काय झालं, मला कळलं नाही. पण हे इतके हसले आणि एकदाही खोकले नाहीत, हे मात्र मी आजच्या तारखेने लिहून ठेवते.